दाराजवळचं स्टूल

आबांना माझा वर्ग बघायचा होता. ही त्यांची फार जुनी इच्छा. मी कॉलेजात शिकवायला लागले त्या वर्षापासून ते म्हणायचे, "एकदा मागं येऊन बसतो. बोलणार नाय काय. बघतो आन् जातो." मी दर वेळी काहीतरी सांगून टाळायचे. परीक्षा जवळ आल्यात, सुट्टी लागणार आहे, पुढच्या वेळी बघू. ते वैजापूरला तहसील कचेरीत शिपाई होते. त्यांना रजा मिळणं अवघड नव्हतं. अडून होतं ते माझ्या होकारापाशी.

शेवटी मी त्यांना वर्गात नेलं. ते कसं नेलं, हे मी आजवर पूर्ण कुणालाच सांगितलेलं नाही.

आधी त्यांच्या कामाविषयी सांगायला हवं. शिपायाचं काम म्हणजे फायली न्यायच्या-आणायच्या, असं लोकांना वाटतं. आबांच्या लेखी खरं काम होतं थांबवण्याचं. साहेबांच्या दाराबाहेर लाकडी स्टुलावर ते तीस-पस्तीस वर्षं बसले. आलेल्या माणसाला लगेच आत सोडायचं, की बसवून ठेवायचं, की आधी पाणी देऊन त्याचा राग उतरू द्यायचा, हे ते चेहरा बघून ठरवत. "साहेब आता कुठं डबा उघडून बसल्यात, धा मिन्टं दम धरा," असं ते इतक्या मायेनं सांगत की भांडायला आलेला माणूस भिंतीला टेकून बसायचा. दारातून त्यांना सगळं ऐकू येई. कुणाची बदली, कुणाची चौकशी, कोणता साहेब घरच्या काळजीनं रडला. घरी आल्यावर आई विचारायची, "काय झालं हो आज? समद्या गावात बोभाटा हाय." आबा चपला काढता काढता म्हणायचे, "कचेरीतलं कचेरीत."

आई चिडून म्हणायची, "तुमच्या पोटात काय रांजण हाय का, समदं मावतं ते?"

कुणाचं काम झालं की लोक पेढे घेऊन येत. काम होण्याआधी आबा कुणाकडून घोटभर चहासुद्धा घेत नसत. काम झाल्यावर मात्र ते एक पेढा घेत, एकच. तो कागदात गुंडाळायचा, कागद रुमालात, रुमाल शर्टाच्या वरच्या खिशात. सकाळी अकराला मिळालेला पेढा संध्याकाळी सहाला सायकलवरून घरी यायचा. मी उंबऱ्यात बसलेली असायचे. पेढ्यावर रुमालाच्या घड्या उमटलेल्या असत आणि त्यांच्या छातीच्या उबेनं तो मऊ झालेला असे. इतक्या वर्षांत त्यांनी त्यातला तुकडाही कधी मोडला नाही. एकदा मी विचारलं, "आबा, तुम्हाला पेढा आवडत नाय का?"

"आवडतो की. लई आवडतो."

"मग?"

"मग काय! तुझ्यासाठी खिशात असला की दिवसभर बरं वाटतं."

माझं शिक्षण याच माणसाच्या जिवावर झालं. कचेरीतले एका बाजूनं कोरे असलेले रद्दीतले कागदसुद्धा ते आधी साहेबांना विचारून मगच घरी आणत. जुन्या नोटिसांच्या पाठीवर मी बीजगणित सोडवलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पुढे मी मानसशास्त्रात एम.ए. केलं, इथं शहरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले आणि गारखेडा भागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

शिकवताना मेंदूचं प्रकरण आलं की मुलं जांभया देत. आमच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकचा एक मेंदू आहे, त्याचा कपाळाकडचा तुकडा सारखा निसटतो, म्हणून त्याला रबरबँड लावलेला आहे. तो तुकडा हातात धरून मी सांगायचे, की याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. मेंदूच्या आत खोल दुसरी एक जुनी व्यवस्था आहे. काही गोड, काही हवंसं मिळण्याची चाहूल लागली की तिथं डोपामिनची हालचाल होते आणि हात पुढे जायला बघतो. ती व्यवस्था वाईट नाही. ती नसेल तर माणूस सकाळी अंथरुणातून उठणारही नाही. पण हात कधी पुढे करायचा आणि कधी आवरायचा, हे कपाळामागचा भाग बघतो. डोळ्यांच्या खोबणीच्या वर जो भाग आहे, तो वस्तूची किंमत लावतो आणि परिस्थिती बदलली की ती किंमत बदलतोही. पहिल्या पेढ्याची किंमत वेगळी, पाचव्याची वेगळी. त्याच्या बाजूचा भाग, विशेषतः उजव्या अंगाचा, निघालेल्या हाताला ऐन वेळी थांबवतो.

मुलांच्या लक्षात राहावं म्हणून मी म्हणायचे, "साहेबांच्या दाराबाहेर शिपाई बसतो ना, तसं समजा. कुणाला आत सोडायचं, कुणाला थांबवायचं, ते तो ठरवतो." मुलांना हे आवडायचं. उत्तरपत्रिकांमध्येही शिपाई यायचा. हे मला कुठून सुचलं, ते मी कधी सांगितलं नाही. मॅडमचे वडील शिपाई, हे मुलांना कळायची काही गरज नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी आबा माझ्या चुलतभावाच्या मोटरसायकलवर मागे बसून येत होते. ओढ्यावरच्या मोरीपाशी कुत्रं आडवं आलं. भाऊ बाजूला पडला, आबांचं कपाळ मोरीच्या कठड्यावर आदळलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंना, पुढे, खालच्या अंगाला मार आहे. बोलतील, चालतील, सगळ्यांना ओळखतील. स्वभावात मात्र फरक पडेल." मी मान हलवली. त्या भागाचं नाव मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचं त्या क्षणी मला बरं वाटलं. उत्तर येत असलेल्या विद्यार्थिनीला वाटतं, तसं. आबा समोर डोक्याला पट्टी बांधून झोपलेले होते. ही माझी पहिली लाज.

फरक पडला. आबा आणि आई माझ्याकडे राहायला आले तेव्हा तो रोज दिसू लागला. समोर जे असेल त्याकडे हात जाई. ताट रिकामं होईपर्यंत जेवण, मग शेजारच्याचं ताट. ईदला खालच्या मजल्यावरच्या खालांनी सगळ्यांसाठी शीरखुर्म्याचं भांडं आणून दिलं, तर आबांनी दारातच उभ्या उभ्या ते तोंडाला लावलं आणि संपवून म्हणाले, "गेल्या वेळी गोड कमी हुतं." आईनं डोक्यावर पदर ओढला. खाला मात्र हसल्या, "भाईजानच खरं बोलते, बाकी सब झूठी तारीफ करते."

हे तरी चाललं असतं. पण आबा कचेरीतलं बोलू लागले. तीस वर्षांपूर्वीचं, गॅलरीत उभं राहून, जाणाऱ्या-येणाऱ्याला. कोणता साहेब का रडला होता, तेसुद्धा. आई त्यांना हाताला धरून आत आणायची, दार लावायची आणि दाराला पाठ लावून उभी राहायची. "रांजण फुटला बघ," ती मला एकदा म्हणाली. तिच्या आवाजात आता चेष्टा नव्हती.

सगळ्यात जास्त जीव तुटायचा तो एका गोष्टीनं. आबांना नियम कळत होता. खालांच्या भांड्याचं झालं, त्याच्या दुसऱ्या मिनिटाला ते मला म्हणाले, "नको हुतं ना घ्यायला? सगळ्यांचं हुतं ते." पुस्तकात मी हे वाचलं होतं, की अशा माणसाला काय करू नये हे सांगता येतं, आणि तरी त्याच्या हातून ते होतं. सांगणं आणि थांबणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. पुस्तकात ते अर्ध्या ओळीत होतं.

आमच्या विभागाचे प्रमुख सज्जन माणूस. तासिका तत्त्वावरच्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते आणि त्यात त्यांच्या शब्दाला वजन असतं. एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, शिकवणं तुमचं चांगलंय. पण मुलांना डोळ्यांसमोर काही दिसत नाही. प्रात्यक्षिकाला एखादी खरी केस आणता आली, तर मीही येऊन बसेन."

मला ऐकू आलं ते फक्त "मीही येऊन बसेन." पुढचं वाक्य माझ्या तोंडातून विचार न करताच निघालं. "सर, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत."

ओळखीचे. बाहेर आल्यावर मी जिन्यात थांबले. परत फिरून तो शब्द बदलायला मला दहा पावलं चालायची होती. मी तास घ्यायला गेले.

घरी येऊन आबांना म्हटलं, "माझा वर्ग बघायचाय ना? गुरुवारी जाऊ." त्यांचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. गुरुवारी सकाळी त्यांनी विहारात जाताना घालायचा पांढरा शर्ट काढला, स्वतः इस्त्री केली, रुमालाचीही घडी घातली. आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"कशाला नेतीस गं? कायतरी बोलून बसतील."

"शिकण्यासाठी आहे, आई. मुलांना नीट कळेल."

"पोरांना कळंल," आई म्हणाली. "आन् त्यांना?"

मी डबा भरत राहिले.

रिक्षात मी आबांना सांगितलं, "वर्गात मला लेक म्हणायचं नाही हां. मॅडम म्हणायचं."

"का गं?"

"नियम आहे."

असा कुठलाही नियम नव्हता. आबांनी रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नियम हाय व्हय! मग ठीक."

"कचेरीत बसायचात ना, तसं बसायचं."

"कचेरीतलं कचेरीत," ते म्हणाले, आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

त्यांच्यासाठी मी टेबलाजवळ खुर्ची मांडून ठेवली होती. आबांनी खुर्ची बघितली, मग दाराजवळचं स्टूल बघितलं, आणि जाऊन स्टुलावर बसले. "आमचं हे बरं." मी मुलांना सांगितलं, "हे वैजापूरचे निवृत्त शासकीय कर्मचारी आहेत. त्यांच्या डोक्याला पुढच्या बाजूला मार लागला होता. आज ते आपल्याला मदत करायला आलेत." मी बोलायला लागले की आबा उठून उभे राहत. मी हातानं बसा म्हणायचे, ते "व्हय मॅडम" म्हणून बसत, आणि मी पुढचं वाक्य बोलले की परत उभे. साहेब बोलत असताना बसायची त्यांना सवय नव्हती.

पहिली चाचणी सोपी होती. "मी टेबलावर एकदा टकटक केलं की तुम्हीही एकदा करायचं. मी दोनदा केलं की काहीच करायचं नाही. सांगा बरं, काय करायचं?"

"एकदाला एकदा. दोनदाला गप बसायचं."

"बरोबर."

मी पेनानं एकदा वाजवलं, त्यांनी स्टुलाच्या कडेवर एकदा वाजवलं. मी दोनदा वाजवलं, त्यांनीही दोनदा वाजवलं. लगेच त्यांच्या लक्षात आलं. "गप बसायचं हुतं," ते म्हणाले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. एक विद्यार्थी फळ्यावर प्रत्येक चुकीला एक रेघ मारत होता. आबा रेघांकडे बघत होते. सहावी रेघ पडल्यावर ते समाधानानं म्हणाले, "बरे पडायलेत की मार्क."

वर्ग हसला. मीही हसले. प्रमुख सर मागच्या बाकावर हसले, ते ऐकून मी आणखी हसले. मग आबांनी मागे बघितलं आणि म्हणाले, "साहेब जागे झाले का? मघाधरनं डुलक्या घेत हुते." आता तर वर्ग बाकं बडवायला लागला. पुढच्या बाकावरच्या मुलाला आबा म्हणाले, "तुझे केस डोळ्यात चाललेत, तुला फळा दिसतो का?" मला वाटलं, तास रंगला. खरंच तसं वाटलं मला.

मग मी पेढा काढला.

पेढाच का, हे मला नंतर किती वेळा स्वतःला विचारावं लागलं. कॉलेजच्या रस्त्यावर मिठाईचं दुकान आहे, पेढा वाटीत नीट मावतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या रुमालाची आठवण मला त्या वेळी झाली नाही. खरं सांगते, झाली नाही. ते जास्त वाईट, की मुद्दाम केलं असतं तर जास्त वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही.

टेबल स्टुलापुढे ओढलं, स्टीलच्या वाटीत एक पेढा त्यावर ठेवला आणि म्हटलं, "मी पाच मिनिटं बाहेर जाते. मी येईपर्यंत हा खाल्ला नाही, तर दोन मिळतील." मी बाहेर जाऊन दाराच्या फटीतून बघत उभी राहिले. दाराबाहेर उभं राहायची त्या दिवशी माझी पाळी होती.

आबांनी पेढ्याकडे बघितलं. मग खिशातून रुमाल काढला. तो मांडीवर पसरला, चारही कोपरे हातानं सरळ केले. पेढा उचलून रुमालाच्या बरोबर मधे आणला. तिथं हात थांबला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला तो लांब वाटला, मुलांना वाटला नसेल. मग हात वर आला आणि पेढा तोंडात गेला. त्यांनी रुमालाला बोटं पुसली, घडी केली आणि रुमाल खिशात ठेवला.

मी आत आले. वर्ग हसत होता. एकच मुलगी हसत नव्हती. खेड्यातून येणारी, दुसऱ्या बाकावर बसणारी, फारशी न बोलणारी. तिनं हात वर केला.

"मॅडम, त्यांनी आधी रुमाल का काढला?"

मला उत्तर ठाऊक होतं. त्या खोलीत फक्त दोन माणसांना ते ठाऊक होतं. मी फळ्याकडे वळले आणि म्हणाले, "अशा रुग्णांमध्ये निरर्थक हालचाली दिसतात. लिहून घ्या."

मुलांनी लिहून घेतलं. आबा स्टुलापाशी उभे होते तसेच उभे राहिले, हात पुढे बांधून.

परतीला आम्ही रिक्षात बसलो. तास चांगला झाला, असं सर दारात म्हणाले होते आणि त्याचा आनंद मला अजून होत होता, हेही लिहायला हवं. आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाय म्हणलो ना मी?"

"काय?"

"लेक. एकदापण नाय म्हणलो. मॅडमच म्हणलो."

मी त्यांच्याकडे बघितलं. खरंच. पाऊण तास. जो माणूस समोरच्या वाटीपुढे थांबू शकत नव्हता, ज्याच्या तोंडात तीस वर्षांपूर्वीचं गुपित राहत नव्हतं, त्यानं एक शब्द पाऊण तास तोंडात धरून ठेवला होता.

"तोंडाशी आलतं," आबा म्हणाले. "त्या पोरीनं रुमालाचं इचारलं तवा तर लईच आलतं. मग तू काय ते म्हणलीस, निरर्थक. मी म्हणलं असंल, नियम असंल."

रिक्षावाला आरशातून बघत होता. आबांनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. "ही माझी लेक हाय. कालेजात शिकवती."

"अरे वा चाचा! मग पेढे?"

"संपले," आबा म्हणाले. "म्याच खाल्ले."

ते दोघं हसले. मी बाहेर बघत राहिले. घर येईपर्यंत मला तोंड वळवता आलं नाही.

त्यांना ते कसं जमलं, यावर मी नंतर बराच विचार केला. एवढी वर्षं स्टुलावर बसून केलेलं काम मेंदूत दुसरीकडे, मार न लागलेल्या जागी, मुरलेलं असेल. किंवा उरलेला भाग जोर लावला तर थोडा वेळ धरू शकत असेल, आणि तो सगळा जोर त्यांनी त्या एका शब्दावर लावल्यामुळे टकटकीसाठी आणि पेढ्यासाठी काही उरलं नसेल. किंवा त्यांच्या मनात किंमत लावणारा भाग अजून कुठंतरी शाबूत असेल, आणि माझ्या नोकरीची किंमत पेढ्यापेक्षा जास्त लागली असेल. यातलं कोणतं खरं, मला माहीत नाही. माझ्याबद्दल मात्र मला नीट माहीत आहे. माझ्या कपाळाला कधी मार लागलेला नाही. सरांची शाबासकी दिसली आणि माझा हात पुढे गेला. थांबवायला माझ्याकडे सगळं धडधाकट होतं.

पुढच्या आठवड्यात सरांनी बोलावलं. "मॅडम, मुलं अजून त्या तासाबद्दल बोलतायत. पुढच्या महिन्यात तपासणीला समिती येणार आहे. त्या काकांना परत आणता येईल का?"

मी म्हणाले, "सर, ते माझे वडील आहेत."

सरांनी चष्मा काढला, पुसला. "अरे," ते म्हणाले. मग चष्मा परत लावून, "मग तर सोपंच झालं. तारीख मागेपुढे झाली तरी अडचण नाही."

त्यांचा राग मी कसा करणार? त्यांना आबा दाखवायची वस्तू म्हणून मीच दिले होते. मी एवढंच म्हणाले, की ते परत येणार नाहीत, निदान तसे येणार नाहीत. सर म्हणाले, "ठीक आहे, बघू." त्या 'बघू'चं काय होईल, ते पुढच्या नेमणुकीला कळेल.

त्याच दिवशी मी वर्गात सांगितलं. मनात मी ते फार वेळा बोलून बघितलं होतं. प्रत्यक्षात निम्मा वर्ग स्नेहसंमेलनाच्या तालमीला गेला होता. जे होते त्यांना मी सांगितलं, की ते माझे वडील, ते तहसील कचेरीत शिपाई होते, आणि तो दाराबाहेरचा शिपाई मी पुस्तकातून आणलेला नव्हता. रुमालाचंही सांगितलं. फळ्यावर रेघा मारणारा मुलगा बोटातली अंगठी फिरवत खाली बघत बसला. त्याची काही चूक नव्हती. दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग जर्नलमध्ये ते निरर्थक लिहिलंय, ते खोडू का?"

"खोड."

"पण तुमची सही झालीये त्याच्यावर."

सगळी जर्नलं मी गोळा केली. तालमीला गेलेल्यांचीही मागवून घेतली. स्टाफरूममध्ये बसून प्रत्येकातलं ते वाक्य मी लाल पेनानं खोडलं. प्रत्येक वहीत ते वेगळ्या अक्षरात होतं. कुणी 'निरर्थक' खाली दोन रेघा मारल्या होत्या, परीक्षेला येईल म्हणून. त्याच्या जागी मी लिहिलं, 'पेढा घरी न्यायचा म्हणून रुमाल काढला,' आणि शेजारी पुन्हा सही केली.

संध्याकाळी घरी आले. आबा गॅलरीत होते. आई आत भाकरी थापत होती. मी आबांशेजारी खाली बसले आणि म्हणाले, "आबा, आज मी वर्गात सांगितलं. तुम्ही माझे वडील आहात म्हणून."

मला वाटलं होतं, ते खूश होतील. त्यांच्या कपाळावरच्या व्रणाला आठी पडली.

"तूच सांगितलंस?"

"हो."

"मग मी कशाला गप बसलो?" त्यांचा आवाज चढला. "पाऊण तास! तोंड दुखून आलतं माझं. सांगायचं हुतं तर मला म्हणायचं, मीच नसतं का सांगितलं?"

आई पिठाच्या हातानं दारात आली. "काय झालं?"

"इचार तुझ्या लेकीला," आबा म्हणाले, आणि त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं.

नियम नव्हताच, असं मी हळूच म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "आन् ते सांगितलंस का? म्या एकदापण नाय म्हणलो, ते?"

ते सांगायचं राहिलं होतं. पेढा सांगितला, रुमाल सांगितला, शिपाई सांगितला. थांबवायच्या ज्या कामावर मी इतकी वर्षं व्याख्यानं दिली, ते काम त्या वर्गात एकाच माणसानं केलं होतं, आणि नेमकं तेच मी मुलांना सांगितलं नव्हतं.

"नाही, आबा."

"मंग," ते म्हणाले, "त्याचे मार्क कोण देणार?"